पंपाला करंट

वीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतोय. गाडीत बाधा वगैरे काही नसतं. आपल्याआधी एखाद्या अर्धवटाने हात घातलेला असतो, बस्स. भर दुपारी त्या बाई बंद गाडी ओढून माझ्या गॅरेजच्या अंगणात घेऊन आल्या, तेव्हा त्यांनाही मी हेच सुनावलं.

"तिघांनी पाहिली," त्या म्हणाल्या. "पेट्रोलच्या पंपाला करंट पोचत नाही म्हणे."

"तिघांना मिळून एक वायर सापडेना? धन्य आहे!"

फ्यूज शाबूत होता. रिले बदलून पाहिला. मागची सीट उचलून पंपाच्या जोडावर मीटर लावलं. शून्य. मग बॅटरीपासून पंपापर्यंत थेट नवीकोरी वायर ओढली. बॅटरीच्या टोकाला बारा व्होल्ट, पंपाच्या टोकाला शून्य. वायर बदलली. पुन्हा शून्य.

बाई लांब उभ्या राहून बघत होत्या. "मागे कुणी बसलं की येतो करंट," त्या हळूच म्हणाल्या.

"मग बसा की."

"मी नाही. मी मागे बसत नाही."

शिकल्यासवरल्या बाईने असं बोलावं! माझं डोकंच फिरलं. मीटरच्या वायरी बाहेर ठेवून मी सीट जागेवर दाबली, मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणालो, "या साहेब, बसा!"

मीटरचा आकडा हलला. चार. नऊ. बारा.

पंप घरघरला.

सीटची डावी बाजू सावकाश चार बोटं खाली गेली.

सीटखाली चाचपलं. स्प्रिंग घट्ट होत्या. दोन्ही हातांनी उजवी बाजू दाबली. ती लगेच वर आली. डावी तशीच राहिली.

"तुम्ही बोलावलंत त्याला?" बाई दोन पावलं मागे सरल्या. "मी कधी बोलावलं नव्हतं हो."

"कोणाला?"

त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालू लागल्या. फाटकाबाहेर गेल्यावर तर पळतच सुटल्या.

"बाई, गाडी!"

मागे वळून पाहिलं तर सीट सपाट होती. मीटरवर शून्य.

मग अंगणाच्या टोकाकडून तीच घरघर ऐकू आली.

तिथे माझी स्वतःची गाडी उभी होती. तिची किल्ली माझ्या खिशात होती.