शशांकचं प्रस्थान

मी विम्याचे दावे तपासते. गाडीला म्हैस आडवी आली असं सांगणाऱ्या माणसाला म्हशीची शिंगं कशी होती ते विचारायचं आणि उत्तराला तो किती वेळ घेतो ते बघायचं, यावर माझं पोट चालतं. भारती संशयी आहे असं घरीदारी सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पुण्याच्या हेड ऑफिसातले लोक आणखी एक म्हणतात, की मॅडम बोलायला लागल्या की बखर उघडल्यासारखं वाटतं. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात आले ते इकडेच राहिले, भाषाही त्या काळातच राहिली, त्याला मी काय करू? लिहिताना मात्र मी त्यांच्यासारखं लिहिते.

एप्रिलमध्ये मी शशांकचा घरी यायचा रस्ता आखत होते. शशांक माझा धाकटा भाऊ. जॉर्जियात, तिबिलिसीला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. मागे एकदा त्याचं विमान वादळात सापडून बराच वेळ हेलकावत राहिलं, तेव्हापासून विमानाचं नाव काढलं की त्याचे हातपाय गार पडतात. तिकीट काढून विमानतळापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. इकडे आईचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ज्यांना भेटायचं आहे त्यांनी पावसाळ्याची वाट बघू नये.

आईचं जेवण तुटलं होतं. दोन घास खायची आणि भातासकट केळीचं पान आपल्याकडे दुमडून टाकायची. पान पलीकडे दुमडायचं ते फक्त श्राद्धाला. लहानपणी शशांकनं एकदा चुकून तसं केलं, तर तिनं त्याच्या हातावर पळी मारली होती. मग तो जन्मात चुकला नाही.

"शशांक येऊं दे," ती म्हणायची. "मग जेवीन."

म्हणून मी नकाशा घेऊन बसले. तिबिलिसीहून डोंगर ओलांडून रशिया, मग कझाकस्तान, मग चीन, तिबेटातून नेपाळ, रक्सौलला भारतात पाऊल आणि पुढे आपली रेल्वे. पाकिस्तानातून जवळ पडतं, पण तो रस्ता आम्हाला बंद. सगळं जुळत आलं होतं, अडलं होतं ते चीनच्या व्हिसावर. संध्याकाळी कॉफीचा पेला घेऊन मी तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसायची आणि त्याला फोन लावायची. समोर आमच्या मेलकावेरी पेठेची गल्ली, पलीकडे कोरडी पडलेली कावेरी. तापल्या वाळूचा वास यायचा. तो मोबाइल फिरवायला सांगायचा आणि गल्ली बघून रडायचा.

"अक्का, वळणावर उतरलों की आपल्या घरापर्यंत किती दारें, तें मी झोपतांना मोजतों."

"मोज. पण व्हिसाचें बघ आधीं."

त्या आठवड्यात आईनं पंचांग काढलं. शुक्रवार गेला की महिनाभर प्रवासाला चांगला दिवस नव्हता. आमच्यात यावर तोड असते. मुहूर्तावर निघता येत नसेल तर माणूस आपला एखादा कपडा, अक्षता, सुपारी, हळकुंड बांधून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी ठेवतो. त्याला प्रस्थान म्हणतात. प्रवास सुरू झाला असं धरतात, आणि खरा निघेल तेव्हा तो ते गाठोडं उचलून पुढे जातो.

आमचे भटजी गोपालकृष्ण शास्त्री आईला म्हणाले, "अहो, तें जाणाऱ्यानें ठेवायचें, जेथून निघायचें तेथें. पोचायच्या गांवांत ठेवलें तर निघणार कोण?"

"माझा लेक," आई म्हणाली.

तिनं शशांकचा निळ्या चौकड्यांचा जुना पंचा काढला, त्यात सगळं बांधलं आणि मला जवळच्या दारासुरम गावाला पाठवलं. तिथं शिवकामी म्हणून रेशमाचं विणकाम करणारी बाई आहे, आमच्या घरातल्या सगळ्या साड्या तिच्याच मागावरच्या. टाउन बसनं जाऊन मी गाठोडं तिच्या फळीवर ठेवून आले. आईचं समाधान झालं, माझं काय जातं, असा विचार केला. त्या दिवसापासून आईनं पुढच्या दाराची कडी लावायची बंद केली. वाटेवर माणूस असताना कडी लावत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी मुक्काम ठरवायला घेतले. कझाकस्तानात अल्माटीला एक गेस्ट हाउस सापडलं. मालकिणीला शशांकचं नाव आणि फोटो पाठवून खोली विचारली. तिचं उत्तर आलं, की हा तर काल सकाळीच गेला. फार शांत माणूस. दोरीवर पंचा राहिलाय, कुठे पाठवू? सोबत फोटो होता. बर्फाच्या डोंगरासमोर दोरी, आणि दोरीवर निळ्या चौकड्यांचा पंचा.

मला राग आला. आईला चकित करायला हा न सांगता निघाला असणार, असं मला वाटलं. लगेच फोन लावला. शशांक तिबिलिसीतल्या खोलीत बसून पाव खात होता. मी खिडकी दाखवायला सांगितली. खाली त्याची नेहमीची नदी, पलीकडचा किल्ला. तारीख दिसेल असा टीव्ही लावायला सांगितला, तोही त्यानं लावला.

"अक्का, माझासुद्धां दावा तपासतेस की काय?" तो हसला. मग म्हणाला, "हें बघ, आपली विहीर डावीकडे की उजवीकडे? सकाळपासून आठवेना."

दुसऱ्या दिवशी मी दारासुरमला गेले. रस्त्यात ताणा पसरून बायका धागे जोडत होत्या, ऊन नुसतं भाजत होतं. गाठोडं फळीवरच होतं. गाठही आईचीच, ती उलटी गाठ मारते. सोडायचं धाडस झालं नाही, प्रस्थान मधे सोडत नाहीत. हात लावला आणि मागे घेतला. ते थंड होतं. पत्र्याखालच्या त्या भट्टीसारख्या खोलीत ते गाठोडं बर्फातून काढल्यासारखं गार होतं.

"इथं कुणी येऊन गेलं का?" मी शिवकामीला तमिळमध्ये विचारलं.

"कोण येणार?" तिनं माग थांबवला नाही. "तुम्ही ठेवलं तसं आहे."

मी तिच्यावर संशय घेतला, हे सांगून टाकते. शशांकचा पासपोर्ट कुणी चोरून वापरतंय असाही घेतला. पण मग तो चोर पंचा कुठून आणणार? आणि मी आखलेलाच रस्ता का धरणार? तो कागद माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

काही दिवसांनी त्याच कागदावरच्या काठमांडूच्या लॉजला फोन केला. मॅनेजर हिंदीत म्हणाला, "आपके भाई? वो तो निकल गए. खाना भी नहीं खाया. बोले, घर जाकर खाऊँगा."

रक्सौलला मी फोन केला नाही. मला भीती वाटत होती.

शशांकला मात्र रोज करत होते. व्हिसा मिळाला असं त्यानं सांगितलं, पण सांगताना आवाजात काही नव्हतं. झोप छान लागते म्हणाला. दारं मोजतोस का, विचारलं.

"कसलीं दारें?"

आईकडे मी यातलं काही बोलले नाही. तीच एका सकाळी म्हणाली, "आज केळीचीं दोन पानें आण गे. आणि दांगर पच्चडी करतें." दांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, शशांकचं जीव की प्राण. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून चुलीकडे गेली. मी पानं आणून दिली आणि थेट बस स्टँड गाठला. गाठोडं परत आणायचं, सोडायचं, सुपारी कावेरीच्या वाळूत पुरायची आणि हे प्रकरण बंद करायचं, एवढंच डोक्यात होतं.

फळी रिकामी होती.

"तुमचा तंबी घेऊन गेला की," शिवकामी म्हणाली. "आत्ताच. तुमची चुकामूक झाली."

"माझा भाऊ? तू ओळखलंस?"

"लहानपणापासून बघते. वाळलाय फार. पाणी दिलं, घेतलं नाही." मग तिनं माग थांबवला. "उंबऱ्याबाहेरच उभा होता. मलाच आणून द्यायला सांगितलं. भर दुपार, आणि अम्मा, त्याच्या तोंडातून वाफ येत होती."

परत येताना बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. मी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले होते.

वळणावर उतरले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आमच्या घरातून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. मी कित्येक महिन्यांत तो ऐकला नव्हता.

दार उघडंच होतं.

आई पानावर बसली होती. गाल लाल झाले होते, बोटांना पच्चडी लागलेली. "तुझी वाट पाहिली गे. भूक धरवेना, आम्हीं जेवलों."

"आम्हीं कोण?"

"दमून आलाय. मागच्या खोलींत निजलाय. उठवूं नको."

मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. फटीतून गार वारा येत होता आणि माझ्या पावलांना लागत होता.

मी ओट्यावर आले आणि शशांकला फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यानं घेतला. मागे गाणी, माणसं. तो इंग्रजीत हॅलो म्हणाला, घाईत मीही इंग्रजीतच बोलले.

"शशांक, व्हिसा आहे ना? आत्ता नीघ. मिळेल त्या बसनं नीघ."

"कुठे?" त्यानं विचारलं.

"घरी!"

"मी घरीच आहे." तो आनंदात होता. इतका आनंदी मी त्याला कधी ऐकला नव्हता. "आज पोट फार भरलंय. तोंडाला कसली तरी आंबट चव आहे, दह्यासारखी."

आतून आईनं विचारलं, "कोण गे फोनवर?"

फोनमधून त्यानं विचारलं, "ही बाई कुठली भाषा बोलते?"

मला रडू कोसळलं. फोन मी बंद केला नाही, त्यानंच केला.

"भारती," आई म्हणाली, "कडी लाव आतां. कोणी यायचें राहिलें नाहीं."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. मागची खोली दहा पावलांवर होती. जाऊन दार ढकलायचं आणि बघायचं, एवढंच काम होतं. जन्मभर मी दुसरं केलंय काय? पण आई पाण्याचा पेला तोंडाला लावून घटाघटा पीत होती, आणि तिचा हात थरथरत नव्हता.

मी कडी लावली.

मग पानं उचलायला आत गेले. आईचं पान चाटूनपुसून स्वच्छ, आणि तिच्याकडे दुमडलेलं. शेजारचंही स्वच्छ होतं. ते पलीकडे दुमडलेलं होतं.