एवढं पान होऊ द्या

चंद्रप्रभाबाईंच्या टॅबमधलं मेमरी कार्ड नाहीसं झालं, म्हणजे त्यांची सगळी पुस्तकं गेली. अक्षर बोटभर मोठं केल्याशिवाय त्यांना आता दिसत नसे. ज्या ऑनलाइन दुकानातून पैसे मोजून पुस्तकं घेतली, त्यानं गेल्या महिन्यात गाशा गुंडाळला होता. पुस्तकं उतरवून घ्या म्हणून आधी कळवलं, हे उपकारच म्हणायचे.

नळदुर्ग ठाण्यातली हवालदार शिवकन्या ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. निरोप मिळताच ती वर्दीतच आली.

"कार्डावर पुस्तकं कुणी उतरवली?"

"मी," बाईंचा पुतण्या श्रेयस म्हणाला. "काकूंनीच सांगितलं होतं."

"कार्ड काढायची पिन कुठं असती?"

"टॅबच्या खोक्यात. काकूंनाही माहीत आहे."

पिन खोक्यातच होती, कागदी पाकिटात.

"काका, तुम्ही कधी टॅबला हात लावला?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," बाईंचे यजमान वसंतराव म्हणाले. उकाड्यानं ते उघडेच बसले होते. जानव्याला बांधलेलं चांदीचं दातकोरणं बोटांनी सरळ करत म्हणाले, "कार्ड शोधायला हिच्यासंगं गाद्या उचलून उचलून कंबर धरली माझी."

शिवकन्यानं टॅब खिडकीपाशी नेला. पिनेच्या भोकाभोवती ताजे ओरखडे होते. तिला वाईट वाटलं, पण बोलणं भाग होतं.

"श्रेयसला पिन ठाऊक, बाईंनाही ठाऊक. त्यांना असं टोकरायची गरजच न्हाय. ज्याला पिन ठाऊक नव्हती, त्यानं हाताशी होतं ते टोक घातलं. काका, दातकोरणं कशानं वाकलं?"

वसंतरावांनी चष्म्याचं घर उघडलं आणि आतल्या फडक्याखालून कार्ड काढलं.

"रिटायर झाल्यापासून बोलायला गेलो की ही म्हणते, थांबा, एवढं पान होऊ द्या. मी पान संपायची वाटच बघतोय."

"मग माझ्यासंगं गाद्या कशाला उचलत होतात?" बाईंनी विचारलं.

वसंतरावांनी कार्ड त्यांच्यापुढं सरकवलं.

कार्डावर पुस्तकं शाबूत होती. बाईंनी श्रेयसकडून तिथंच दुसऱ्या कार्डावर नक्कल करून घेतली आणि ती शिवकन्याच्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडं राहू दे."

"आता भ्या कशाचं, बाई? दुकान तर कवाच बंद झालं."

"दुकान परकं होतं गं," बाई म्हणाल्या. "त्यानं निदान आधी कळवलं तरी होतं."