फक्त तिघांसाठी

खेळांची खोकी उभी ठेवावीत की आडवी, यावरून आमच्या छंदातली माणसं अजूनही हमरीतुमरीवर येतात. मी आडवी ठेवतो. एकावर एक पाचच्या वर कधीच नाही, नाहीतर सगळ्यात खालच्या खोक्याचे कोपरे फाटतात. रबर बँड वापरत नाही. दहा वर्षांत ते वितळून पत्त्यांना चिकटतात. खोलीतली ओल पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. जर्मनीतल्या हॅटिंगन गावातलं आमचं घर नदीच्या जवळ आहे, त्यामुळे तळघराचा प्रश्नच नव्हता. वरची मोठी खोली मी मागितली आणि इम्केनं ती दिली. "नवरा हवा की खोली, असा सवाल होता," असं ती पाहुण्यांना सांगते, "आणि मी घाईत उत्तर दिलं."

मी फोल्कमार टीड्ये. चौतीस वर्षं इमारतींची अग्निसुरक्षा तपासली. कुठल्याही घरात शिरलो की आधी बाहेर जायची दारं मोजतो. माझ्याकडे पटावरच्या खेळांची अकराशे बारा खोकी आहेत आणि प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये वहीत लिहिलेलं आहे. एखादी सोंगटी हरवली तर काटा लगेच सांगतो. इम्के औषधांच्या दुकानात होती, त्यामुळे मोजमापाचं वेड तिला नवीन नव्हतं. ती हसायची, पण रविवारी साडेतीनला कॉफी झाली की टेबल पुसून स्वतःच विचारायची, "आज काय काढतोस?"

ऑक्टोबरात, एसेनची खेळांची मोठी जत्रा उरकली त्याच्या पुढच्या आठवड्यात, विटेनहून एका बाईंचा फोन आला. घरातले जुने खेळ काढून टाकायचे आहेत म्हणाल्या. लुत्सी आणि ओटिलिये ब्रांडहोर्स्ट, दोघी बहिणी, दोघीही ऐंशीच्या पुढच्या. घर नीटनेटकं होतं. बाहेर जायची दारं दोन. टेबलावर सहा-सात खोकी मांडून ठेवली होती, त्यांतली बहुतेक माझ्याकडे होतीच. एक मात्र नव्हतं. 'कालव्यावरचे नावाडी' असं त्यावर लिहिलं होतं. एकोणीसशे साठच्या सुमाराचं, जाड पुठ्ठ्याचं खोकं, झाकणावर धुक्यातल्या तीन बोटी. कोपऱ्यात छापलं होतं: फक्त तिघांसाठी.

दोघांचे खेळ खंडीभर मिळतात, चौघांचेही. बरोबर तिघांनीच खेळायचा खेळ विरळा. माझे हात आपोआप त्यावर गेले.

"तो घेणार?" लुत्सीबाईंनी विचारलं.

"नक्की. पूर्ण आहे ना?"

"सगळं आहे. दर रविवारी खेळायचो आम्ही."

"कोण कोण?"

"आम्हीच," लुत्सीबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी."

ओटिलियेबाई खिडकीशी बसल्या होत्या. आता त्या वळून म्हणाल्या, "तुमच्या घरी कोण असतं?"

"मी आणि बायको."

"मग चालेल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या.

मी खोकं काखेत घेऊन निघालो. लुत्सीबाई दारापर्यंत आल्या. मी पायऱ्या उतरलो, गाडीचं दार उघडलं, मागे पाहिलं. त्यांनी घराचं दार अजून उघडंच धरलं होतं आणि स्वतः भिंतीला चिकटून उभ्या होत्या, मागून बाहेर येणाऱ्या कुणाला वाट द्यावी तसं. मग सावकाश दार लावलं.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे सगळं तपासलं. लाल, पिवळ्या आणि हिरव्या अशा प्रत्येकी सहा लाकडी बोटी. दोन फासे. माल दाखवणारे चौकोनी तुकडे, एकही कमी नाही. वजन तेराशे ऐंशी ग्रॅम. खोक्याला जुन्या खोक्यांचा धुळकट वास नव्हता; ओल्या लोकरीचा होता. तळाशी गुणांची वही होती, निम्म्याहून जास्त भरलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यावर 'लु', दुसऱ्यावर 'ओ', तिसऱ्यावर काहीच नाही. सुरुवातीच्या पानांवर तिसऱ्या रकान्यातले आकडे लहान होते. पुढे वाढत गेले. शेवटच्या वीसेक पानांवर प्रत्येक डाव तिसऱ्यानंच जिंकला होता.

"फाशांनी खेळवत असतील तिसऱ्याला," इम्के म्हणाली. "आपणही तसंच करू या. एकदा तरी खेळून बघू, नुसता फळीवर ठेवून काय करायचं?"

मला पटलं. लाल तिच्या, पिवळ्या माझ्या, हिरव्या कुणाच्याच नाहीत. हिरव्याची पाळी आली की शक्य असलेल्या चालींना एक ते सहा क्रमांक द्यायचे आणि फासा टाकायचा. गुण मी लिहायचे. खेळ खरंच सुरेख होता: कालवा अरुंद, प्रत्येकानं दुसऱ्या दोघांची वाट अडवायची. पहिल्या रविवारी हिरवा सपाटून हरला. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी तो आमच्या दोघांच्या मध्ये आपली बोट घालून पूर्ण चार फेऱ्या बसला.

"लबाड आहे," इम्के कौतुकानं म्हणाली.

"फासा आहे तो, इम्के."

"हो रे, माहीत आहे."

त्यानंतरच्या डावांत मी हिरव्याचा प्रत्येक फासा लिहून ठेवू लागलो. एकूण एकशे चाळीस. प्रत्येक आकडा जवळपास सारख्याच वेळा पडला होता, फाशात काही खोट नव्हती. फक्त, जी चाल चांगली असेल तिला मी जो क्रमांक दिलेला असेल, नेमका तोच पडत होता. असं होऊ शकतं. मी वहीत तसं लिहिलं: असं होऊ शकतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी इम्केनं बोट सरकवली आणि हिरव्यासाठी फासा घ्यायला मी हात पुढे केला. तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली.

"थांब ना."

"का?"

"विचार करतंय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नव्हती. पटाकडेच बघत होती, समोरचा माणूस वेळ लावत असला की आपण बघतो तशी, जरा कंटाळून. मग मान हलवून म्हणाली, "हं, टाक."

"इम्के, कोण विचार करतंय?"

"म्हणजे?" तिला मी काय विचारतोय तेच कळलं नाही. खरोखर कळलं नाही.

त्या संध्याकाळी गुणांची बेरीज तपासताना मला दुसरी गोष्ट दिसली. मी सातच्या आकड्याला पोटात आडवी रेघ मारतो. शाळेत तसंच शिकवलं, इथे सगळे तसंच लिहितात. पहिल्या दोन रकान्यांत माझे सात तसेच होते. तिसऱ्या रकान्यात एकाही साताला रेघ नव्हती. अक्षर माझं, पेन माझं, लिहिताना हातही माझाच. मी मागची पानं उलटली. ब्रांडहोर्स्ट बहिणींच्या पानांवरही तिसऱ्या रकान्यातले सात बिनरेघेचे होते.

मी खोकं वर नेऊन सगळ्यात आतल्या फळीवर ठेवलं. इम्केला म्हणालो, थोडे दिवस दुसरं काही खेळू.

"जशी तुझी मर्जी," ती म्हणाली. पण पुढच्या रविवारी मी पाव आणून घरात शिरलो तेव्हा टेबलावर कालवा मांडलेला होता. आधी हिरव्या बोटी लावलेल्या होत्या. लाल-पिवळ्या अजून पिशवीतच होत्या.

तेव्हा मी ठरवलं की तिसरा माणूसच आणायचा. आमचा शेजारी आन्सगार पोलमान, ट्राम चालवून निवृत्त झालेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. पुढच्या रविवारी तो केकचा मोठा तुकडा घेऊन खुर्चीत बसला आणि हिरव्या बोटी स्वतःकडे ओढल्या.

"त्या..." इम्के म्हणाली.

"काय त्या? हिरवा रंग मला शोभतो. बायको म्हणते, बेडकासारखा दिसतोस." आन्सगारनं फासे खुळखुळवले. "चला फोल्कमारसाहेब, आज तुमच्या अकराशे खोक्यांची अब्रू जाते बघा."

पहिल्या दोन फेऱ्या हसण्यात गेल्या. तिसरीत आन्सगारची चाल झाली आणि मी माझी बोट उचलणार एवढ्यात इम्के म्हणाली, "थांब."

"आता चौथा कोण?" आन्सगार म्हणाला. "मांजर पाळलंय की काय?"

इम्के पटाकडेच बघत राहिली. काही क्षण गेले. इम्केनं मान हलवली. मी माझी चाल केली.

त्यानंतर आन्सगारचं बोलणं कमी होत गेलं. तो आपली खुर्ची इंच-इंच डावीकडे सरकवत होता. आमचं टेबल सहा माणसांचं आहे.

"ऊन येतंय का डोळ्यांवर?" मी विचारलं.

"नाही. जरा दाटी होतेय."

त्याच्या उजवीकडे भिंतीपर्यंत मीटरभर मोकळी जागा होती. पुढच्या पाळीला तो बराच वेळ थांबला. मग त्यानं अशी एक बोट हलवली जी हलवायचं मला सात जन्मांत सुचलं नसतं. इम्केनं समाधानाचा उसासा सोडला.

आन्सगार उभा राहिला. केक अर्धा तसाच होता.

"येतो मी," तो म्हणाला.

मी दारापर्यंत गेलो. कोट घालताना त्याचे हात बाहीत शिरत नव्हते.

"ती चाल माझी नव्हती," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग कुणाची?"

"मला सांगितली. कानाशी येऊन." त्यानं कान चोळला. "आवाज नव्हता रे. पण मी ऐकत होतो."

मी आत आलो. इम्के एकटीच खेळत होती. तिच्या आणि हिरव्याच्या चाली चालल्या होत्या. माझ्या पिवळ्या बोटी तिनं बाजूला ठेवल्या होत्या.

"इम्के."

"तुला उशीर होईल वाटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोकं घेऊन विटेनला गेलो. लुत्सीबाईंनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"हे परत घ्या," मी म्हणालो. "मला काही नको, नुसतं घ्या."

"ते परत येत नाही."

"खोकं?"

आतून ओटिलियेबाईंचा आवाज आला, "कोण आहे ग?"

"हॅटिंगनचे गृहस्थ."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ओटिलियेबाईंनी विचारलं, "अजून हिरवाच रंग घेतं का?"

माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.

"बरं असतं ना?" त्या म्हणाल्या. आवाज म्हातारीचा होता, पण त्यात नातवंडाची चौकशी करावी तशी माया होती. लुत्सीबाईंनी डोळे मिटले.

"तुमच्या बायकोला एकटं सोडून आलात?" त्यांनी विचारलं.

"का?"

"जा घरी," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी घरी गेलो नाही. सरळ टाकाऊ सामानाच्या केंद्रावर गेलो. तिथल्या माणसाला सांगून ते खोकं माझ्या हातांनी पुठ्ठ्याच्या दाबयंत्रात टाकलं, पट, बोटी, फासे, गुणांची वही, सगळं. लोखंडी फळी खाली आली. लाकूड मोडल्याचा आवाज मी नीट ऐकला. माणसानं विचारलं, "काही राहिलं का?" मी म्हणालो, "नाही." चाळीस वर्षांत मी एकही खेळ फेकला नव्हता. परतताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली.

इम्के स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही.

"तुझे खेळ, तुझी मर्जी," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? माझंही डोकं जड व्हायला लागलं होतं."

तिनं मला जवळ घेतलं. तिच्या हातांना सफरचंदाचा वास होता. मी रडलो असेन थोडा.

डिसेंबर गेला. त्या खोक्याच्या जागी मी दुसरं काही ठेवलं नाही. रविवारी आम्ही पत्ते खेळायचो, दोघांचे. इम्के माझ्या चालीनंतर लगेच आपली चाल करायची. रात्री तिला शांत झोप लागायची. आन्सगार अजून आला नव्हता, पण रस्त्यात भेटला की हात वर करायचा. मला वाटलं, सुटलो.

जानेवारीतला दुसरा रविवार. बाहेर बर्फ विरघळून चिखल झाला होता. टेबलावर कॉफी, केक आणि दोन बशा, बाकी काही नाही. खेळायचा कंटाळा आला म्हणून आम्ही नुसते बसलो होतो. इम्के बेकरीतल्या नव्या बाईबद्दल सांगत होती, ती उरलेले पैसे देताना कशी ओठांनी मोजते ते. मध्येच ती थांबली आणि तिनं कप खाली ठेवला. मीही थांबलो, घास तोंडातच ठेवून.

मग आम्ही दोघं एकदमच हसलो. अगदी पोटातून. मला ठसका लागला, इम्केनं माझी पाठ थोपटली आणि हातरुमालानं स्वतःचे डोळे टिपले.

"असं बोलू नये कुणाबद्दल," ती म्हणाली.

"पण खरं आहे ते," मी म्हणालो. अजून हसू आवरत नव्हतं.

ती केक कापायला वळली. तेव्हा मला कळलं की इम्के थांबल्यापासून आम्ही हसेपर्यंत तिथे कुणीच काही बोललं नव्हतं.

इम्के तिसरी बशी काढत होती. मी खुर्ची सरकवून शेजारी जागा करून दिली.