सातवी पायरी

रेनकोट एकच होता, आणि दीपश्रीनं तो सीपीयूला घातला होता. सप्तापुरातल्या त्या छोट्या दुकानापुढं ती रिक्षातून उतरली तेव्हा धारवाडचा बारीक, चिवट पाऊस तिच्या वेणीतून ठिबकत होता. पोटाशी धरलेलं यंत्र मात्र खडखडीत कोरडं होतं.

काउंटरमागच्या तरुणानं वर पाहिलं.

"टॉवेल मशीनला देऊ का तुम्हाला, अक्का?"

"मशीनमध्ये सहा महिन्यांची रीडिंग्ज आहेत," ती म्हणाली. "माझ्यात काही नाही."

तो हसला. ती नाही हसली. ती खरंच सांगत होती. २००९ सालचा जुलै चालू होता. खेड्यापाड्यांतल्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड किती, हे मोजत ती जानेवारीपासून हिंडली होती, आणि परवा कुठल्याशा व्हायरसनं प्रयोगशाळेचं मशीन असं बसवलं, की निळ्या पडद्यापुढं ते सरकेना.

त्याचं नाव प्रभंजन. त्यानं शर्टाच्या खिशातून एक पेनड्राइव्ह काढून मशीनला लावला. "याचं स्वतःचं डोकं आजारी आहे री. तोवर याला उसनं डोकं देऊ." चालू होता होता त्यानं एक बटण दाबलं, पडद्यावर चार ओळींचा मेनू आला, त्यानं पहिली ओळ निवडली. दोन मिनिटांत तेच मेलेलं मशीन एका अनोळखी, तपकिरी पडद्यासह जागं झालं.

"ही लिनक्स. पेनड्राइव्हवरूनच चालते. आतल्या कशाला धक्का लावत नाही. बंद केलं की तिला काही आठवत नाही. पाहुण्यासारखी आली, गेली."

आणि मग पडद्यावर तिचं फोल्डर दिसलं. सगळी गावं, सगळे आकडे. दीपश्रीनं घाईनं चष्मा काढून पुसला.

"अक्का, या पाण्यातलं पण फ्लोराइड मोजणार काय?"

आता मात्र ती हसली.

असा पेनड्राइव्ह मला करता येईल का, हे तिनं विचारलं ते खरोखर पेनड्राइव्हसाठीच. निदान त्या दिवशी तरी. "येईल की," तो म्हणाला, "पण सातशे एमबीची फाइल उतरवायला लागते. आमचं इंटरनेट दोन दिवस घेतं." पावसात लाइन जाई, त्यामुळे चार दिवस लागले. चारही दिवस ती संध्याकाळी येऊन फाइल किती टक्के उतरली ते पाहून जाई. कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट यायचं, वर मिरची भजी. ती वहीत नंबर घालून पायऱ्या लिहायची. पेनड्राइव्ह पुसणे. फाइल त्यावर चढवणे. मशीन चालू करताना एफ-बारा दाबणे...

"कधी दाबायचं नेमकं?"

"आता नाही... आता नाही... आता!"

दोघांची बोटं एकदमच बटणावर पडली. मशीन गोंधळून आपल्या जुन्या निळ्या पडद्याकडे गेलं. त्या खोलीत गोंधळलेलं ते एकटंच नव्हतं.

"एनप्पा, काय रे प्रभंजन," मागच्या दारातून घरमालकीण कृष्णाबाईंचा आवाज आला, "या मुलीचं मशीन किती दिवस दुरुस्त करतोस? माझा मिक्सर तर अर्ध्या तासात दिलास!"

"मिक्सरात रीडिंग्ज नव्हती काकू!"

बुधवारी पेनड्राइव्ह तयार झाला; मशीनही आज प्रयोगशाळेत परत न्यायचं होतं. दीपश्री वही उघडून बसली. तो आज जरा गंभीर होता, सारखा कॉलर नीट करत होता.

"आणि एक लक्षात ठेव, दीपश्री. या वेळी..."

दीपश्री. अक्का नाही, शेवटी अदबीचं ते 'री' नाही. लक्षात ठेव, म्हणाला... ठेवा नाही. तो अजून बोलत होता, मेनूविषयी काहीतरी. ती मान हलवत होती. धारवाडात दुकानदार येणाऱ्या प्रत्येक बाईला अक्का म्हणतोच, त्यात काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण म्हणायचं बंद केलं, तर त्यात काय असतं? वहीवरचा पेन हलला नाही.

"कळलं ना?"

"हो," ती म्हणाली. तिला काहीही कळलं नव्हतं.

पेनड्राइव्हभोवती कागद गुंडाळलेला होता. तिनं तो घरी जाऊन उघडला. 'पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. तू थांब म्हणालीस तर थांबतो. उत्तर या पेनड्राइव्हमध्येच लिही. प्रयोगशाळेच्या मशीनवर मागं काही राहणार नाही, कुणी वाचणार नाही. तोंडावर ऐकायला मला धीर नाही.'

गुरुवारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. दीपश्रीनं वही समोर ठेवली आणि एकेक पायरी बिनचूक केली. पाच ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. फाइल ठेवली, मशीन बंद केलं, जाऊन पेनड्राइव्ह प्रभंजनच्या हातात दिला आणि छत्री विसरून निघून आली.

शुक्रवारी फोन आला नाही.

शनिवारी दुपारी उशिरा छत्रीचं निमित्त करून ती गेली. दुकानात पुठ्ठ्याची खोकी बांधलेली होती.

"या अक्का," तो म्हणाला. "बसा."

दीपश्री बसली नाही. तिच्या डोक्यात एकाच नमुन्याची दोन रीडिंग्ज आली होती आणि ती जुळत नव्हती. पाच ओळी वाचून माणूस परत अक्का म्हणतो? इतकं काय वाईट लिहिलं होतं? का याला बुधवारी नुसतं तोंडून गेलं होतं, आणि आपणच...

"तुमची छत्री. कोरडी करून ठेवलीय."

"तुम्ही... पुण्याला चाललात?"

"पाचला फोन करतो त्यांना." तो दोरीची गाठ मारत राहिला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. काही न लिहिणं हे पण उत्तरच झालं की."

"काही न लिहिणं?"

"मी तीनदा उघडून बघितलं."

"प्रभंजन, मी पाऊण तास बसून पाच ओळी लिहिल्या, आणि तुम्ही मला अक्का म्हणता?"

दोरी हातातून सुटली. "पाच ओळी? कुठं?"

"त्याच्यातच! तुम्ही सांगितलं तसंच केलं सगळं. हे बघा." तिनं पर्समधून वही काढून त्याच्यापुढं आपटली. आयुष्यात प्रथमच तिनं वही आपटली होती.

प्रभंजन बोट फिरवत वाचत गेला. सातव्या पायरीवर त्याचं बोट थांबलं. 'मेनूतली पहिली ओळ निवडणे.'

"अय्यो... पहिली? पहिली ओळ घेतली की लिनक्स सगळं विसरते. तुझ्यासाठी पेनड्राइव्हवर वेगळी जागा राखून ठेवली होती, लिहिलेलं राहावं म्हणून. त्याला दुसरी ओळ. बुधवारी सांगितलं होतं की! तू सगळं लिहून घेतेस, म्हणून मला शंकासुद्धा आली नाही."

"लिहून घेतलं नाही."

"का?"

दीपश्रीनं पावसाकडे पाहिलं. "तुम्ही अक्का म्हणाला नाहीत. मी तिथंच अडकले."

तो हळूच म्हणाला, "काय लिहिलं होतं?"

"मशीन चालू करा. परत लिहिते."

"साडेचार झालेत. तुला पाऊण तास लागतो."

"मग... आठवत नाही मला."

"पाण्याचे आकडे चार दशांशापर्यंत आठवतात तुला."

छपरावरून धार लागली होती. ती धारेकडे बघतच बोलली, रीडिंग वाचून दाखवावं तशी, सरळ सुरात. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पहिल्या चार ओळींत कारणं होती. ती सावकाश सांगेन. पाचवीत एकच शब्द होता."

"कुठला?"

"थांब."

प्रभंजननं नुकत्याच बांधलेल्या खोक्याची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना. दीपश्री पुढं झाली आणि नखानं ती गाठ सैल केली. मग तिनं वही ओढली, सातव्या पायरीतला 'पहिली' शब्द नीट एका रेघेनं खोडला आणि वर 'दुसरी' लिहिलं.

"एनप्पा," मागच्या दारातून आवाज आला, "झालं का त्या मुलीचं मशीन दुरुस्त?"

प्रभंजननं तोंड उघडलं, पण उत्तर दीपश्रीनंच दिलं.

"नाही हो काकू. वेळ लागेल अजून."