तू चाल समोर, मी येतो

सरक थोडा, संघदीप. शेकोटी काही तुह्या एकट्याची नोहे. अन् मघाशी फोनवर कोणाले सांगत होता बे, "मायची तब्येत बरी नाही, तू चाल समोर" म्हणून? तुही माय तं आता दळण घेऊन माह्या दारावरून गेली, चांगली टणटणीत. त्या पोट्ट्याची गाडी हळू चालते म्हणून ना? हास लेका, हास. मुबश्शिर, तू बी आयक. पण मधात बोलाचं नाही. मधात कोणी बोललं का मी उठून घरी जातो.

माह्या ओळखीचा शफीक हाये, कारंजाचा. शिलाई मशीन दुरुस्त करते. तेलाची बुधली अन् पाने थैलीत टाकून गावोगाव फिरते. गाडी त्याची जोरदार, अन् बसला का सुसाट सोडते. अन् इंझोरीचे होते जानरावमामा. शाळेतून रिटायर झालेले शिपाई, सत्तरी पार केलेले. त्यायची लुना. पंधराच्या वर काटा कधी गेला नाही. कारंजाले जायचं असलं का मामा फाट्यावर उभे राह्यत. शफीक दिसला का हात करत. "चाल बापू, संगं जाऊ. रातीचे रोह्यायचे कळप रस्त्यात आडवे येतात, दोघं असलेलं बरं."

मानूस लाखाचा. पण त्या लुनासंगं जायचं म्हणजे अर्ध्या घंट्याच्या रस्त्याले दीड घंटा. तोंडावर नाही कसं म्हणावं? मंग बहाणे. "मामा, मले पेट्रोल टाकाचं हाये, तुमी चाला समोर." एकदा म्हणे, पोट दुखून राह्यलं, मी सावकाश येतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात फट... फट... फट... पाह्यते तं मामा. ओव्याची पुडी घेऊन! इंझोरीहून कारंजा, त्या लुनावर, एका ओव्याच्या पुडीसाठी. कोणी दुखलं-खुपलं म्हटलं का मामा पाहाले येणारच. शफीकले लय लाज वाटली. पण बहाण्याची सवय काही सुटली नाही.

तं साल दोन हजार चोवीस. डिसेंबरची बारा तारीख, गुरुवार. अमावस्या नाही, काही नाही, साधी रात. शफीक मानोऱ्याहून वापस येत होता. तिथं एका बाईची मशीन अडून बसेल होती, ते करता करता उशीर झाला. इंझोरी फाट्यावर आला तं साडेनऊ वाजले होते.

मामा उभे. बाजूले लुना. अंगात पांढरा सदरा. त्या थंडीत स्वेटर नाही, मफलर नाही.

"चाल बापू, संगं जाऊ."

शफीक थकेल होता, भुकेजेल होता. जे तोंडात आलं ते बोलून गेला. "मामा, माफ करा. आमची लायबा लय बिमार हाये. तापानं फणफणली. मले पळा लागते."

लायबा म्हणजे त्याची पोरगी. सहा वर्साची, एकुलती एक. सकाळी चांगली अंगणात उड्या मारत होती.

मामा म्हणे, "पोरगी बिमार हाये? तू चाल समोर. मी येतो पाहाले."

शफीकनं गाडी सोडली. आरशात लुनाचा बारीक दिवा दिसत होता, तोही थोड्या वेळानं दिसेनासा झाला. त्याले बरं वाटलं. उद्या मामाले सांगू, ताप उतरला म्हणून.

त्याच्या गल्लीत त्याच सांजेले नवा सिमेंटचा रस्ता टाकेल होता. पुरा ओला. तोंडाशी बांबू आडवा बांधेल. गाडी बाहेर ठेवली अन् भिंतीच्या कडेच्या फळ्यांवरून घरी गेला. दहा वाजले होते. बायकोनं, सितारानं, दार उघडलं.

"किती फोन लावले तुमाले! इंझोरीहून सुकेशनीचा फोन होता, जानरावमामाच्या सुनेचा. मामा गेले. सोमवारी. मातीही झाली."

शफीकनं मांगं वळून गल्लीच्या तोंडाकडं पाह्यलं.

अन् आतून लायबा कण्हली.

कपाळाले हात लावला तं चटका बसला. सितारा म्हणे, "आता तं जेवली हो बरोबर!" गोळी दिली. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. ताप चढतच गेला. साडेदहाले पोरगी झोपेतच बोलली, "अब्बा... मामा येऊन राह्यले."

दवाखान्यात न्यावं, तं गाडी गल्लीच्या तोंडाशी. अन् मामा तिकूनच येणार. साडेनऊले निघाले. दीड घंटा. म्हणजे अकरा.

अकराले पाच कमी.

दूर... फट... फट... फट...

कुत्रे चूप झाले. आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. बांबू वाजला नाही. आवाज आत आला... हळू. मामा चालवत, तसाच हळू.

लायबाचे डोये फिरले.

दारासमोर थांबला. इंजिन बंद.

"बापू... पोरगी कशी हाये? पाहू दे मले."

सितारानं पोरीले छातीशी घट्ट धरलं. कडी हालली. एकदा... अजून एकदा.

शफीक दारापाशी गेला. दाराले डोकं टेकलं अन् रडाले लागला. "मामा, लायबा बिमार नव्हती. मी खोटं बोललो. पेट्रोल खोटं, पोट दुखणं बी खोटं. तुमची लुना हळू चालते, मले तुमच्या संगं याचा कंटाळा येत होता. मले काय करायचं ते करा. माह्या पोरीले सोडा, मामा."

...

...

मंग बाहेरून आवाज आला. अगदी नेहमीचा. "आधीच सांगतलं असतं, बापू. मी काय रागावलो असतो?"

अन् मंग काहीच नाही. लुना चालू झाल्याचा आवाज नाही. पावलं नाही. लायबाले दरदरून घाम फुटला. घडीभरात अंग थंड झालं, अन् पोरगी पाणी मांगाले लागली. रातभर दार कोणी उघडलं नाही.

संघदीप, फोन कायले काढला? कर, कर त्या पोट्ट्याले फोन, खरं काय ते सांग. पण पयले आयकून घे.

सकाळी दार उघडलं. सिमेंट वायेल होतं, दगडावानी. त्यात गल्लीच्या तोंडापासून लुनाच्या चाकाची रेघ. बोटभर खोल. सरळ शफीकच्या उंबरठ्यापर्यंत. पायाचा ठसा एक नाही. काय पाह्यता माह्याकडं? कारंजाले जा, आजबी तशीच हाये. एकच रेघ. यायची. जायची नाही.