मुरमाच्या खड्ड्यातला खांब

खडकवासल्याच्या अलीकडे दगड वाहण्यासाठी टाकलेली एक जुनी, अरुंद रेल्वे होती. हौशी मंडळींच्या एका संस्थेनं तिचं इंजिन पुन्हा चालू केलं, दर रविवारी तीन डबे पळवायचं ठरवलं, आणि त्याच पावसाळ्यात वळणावरचा भराव खचला. रूळ हवेत लोंबायला लागले. दुरुस्तीचं काम सर्जेरावांना मिळालं; दुसरं कुणी घेईना म्हणून.

सर्जेरावांची कीर्ती मोठी. भरावासाठी मुरूम काढताना खड्ड्याच्या मधोमध जमिनीचा एक खांब न खोदता ठेवतात, माथ्यावरच्या गवतासकट. तो मोजला की खड्डा किती खोल गेला ते कळतं, आणि त्यावर बिल निघतं. गवताची चकती अलगद उचलायची, खाली चार घमेली माती दाबायची, चकती परत बसवायची, म्हणजे खांब उंच आणि बिल मोठं; ही कला अख्ख्या हवेली तालुक्यात सर्जेरावांइतकी कुणाला साधली नव्हती. एकदा पकडले गेले होते. पुन्हा पकडले असते तर ठेकेदारांच्या यादीतून नाव कायमचं गेलं असतं. म्हणून या खेपेला ते चहासुद्धा खांबाकडे पाठ करून पीत.

तरी खांब वाढला.

आधी दिसलं ते मजूर बायांच्या मुकादमीण चंद्रभागाबाईंना. "दादा, ह्या टायमाला तरी हात आवरायचा."

"आईच्यान, शिवलो पन न्हाई."

"मग पानी कोन घालतंय त्याला?"

सर्जेराव खाली वाकून बघत राहिले. दुसऱ्याचा जोड ते लांबून ओळखत. इथे जोडच नव्हता. गवताची मुळं सरळ खाली गेलेली, माती जुनी, घट्ट.

दुपारी संस्थेची इंजिनीअर तनुजा मोजायला येणार होती. सर्जेरावांनी फावडं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच खांब कमी केला. वीतभर माती काढून गवत परत बसवलं. तेवढ्यात वरून बायांचा गलका झाला. रोलर फिरवून दगडासारखा केलेला भराव खाली बसला होता. सर्जेरावांनी वर जाऊन हात लावून पाहिला. वीतभरच. त्या गडबडीत मोजणी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बोटभर काढून पाहिलं. भराव बोटभर बसला.

त्यानंतर फावड्याला हात लावला नाही. भराव उभा राहिला, उतारावर दगड रचून झाले. खांब सर्जेरावांच्या डोक्यावर गेला.

तनुजानं पट्टी लावली. "खड्डा तेवढाच, खांब मात्र वर. आपण याला खत घालता का, सर्जेराव?"

"मॅडम, बिल खड्ड्याच्या काठावरनं धरा. खांब तेवढा ऱ्हाऊ द्या."

"मोजून झालं की खांब पाडायचा असतो, हे मी आपल्याला सांगायचं? रविवारी लोक बसणार आहेत गाडीत. त्यांना काय हे स्मारक दाखवू?"

दोन गडी कुदळी घेऊन खड्ड्यात उतरले. सर्जेरावांनी वर रुळांकडे पाहिलं.

खरं सांगितलं तर हसतील, आणि हसत हसत पाडतील.

"थांबा रे." ते खांबापुढे आडवे उभे राहिले. "मीच वाढवला. चौकशी लावा. पुरावा हाय त्यो, पाडू नका."

तनुजानं पट्टी गुंडाळली. "काम संपल्यावर बरा सुचला प्रामाणिकपणा!"

खांबाभोवती दोरी बांधली गेली, फोटो निघाले. त्याच आठवड्यात यादीतून सर्जेरावांचं नाव गेलं.

रविवारी ते आले, पण वर गेले नाहीत. दोरी ओलांडून खांबापाशी उभे राहिले, तळवा मातीवर टेकला.

गाडी आली. खिडक्यांतून पोरं हात हलवत होती. भराव तसूभरही हलला नाही. तळव्याखाली मातीत चाकांची धडधड उमटली.

तिन्ही डबे गेले. वळणापलीकडे शिट्टी विरली, टाळ्या थांबल्या, धूर पांगला.

तळव्याखाली मात्र डबे अजून जात होते. सावकाश, एकामागून एक, दगडांनी भरलेले.