बॅटरी नसलेला फोन

मावसबहिणीच्या नव्या घरात पाहुण्यांची ही गर्दी! ती मात्र खिडकीपाशी, फोनमध्ये डोकं खुपसून उभी होती. लॅबमध्ये दिवसभर अनोळखी माणसांचं रक्त काढताना तिचा हात कधी थरथरत नसे. पण हातात सुई नसली की माणसांशी काय बोलायचं, हेच सुचायचं नाही. त्यातून ठरलेलं लग्न मोडून जेमतेम सहा महिने झालेले... कोण कधी काय विचारेल, नेम नव्हता. म्हणून अंगठा आपला वर-खाली, वर-खाली.

"काही विशेष बातमी?"

तिने मान वर केली आणि फोन चटकन छातीशी धरला. फोन दुरुस्तीच्या दुकानातला तो! कालच त्याने तिच्या फोनची फुगलेली बॅटरी काढून ठेवली होती. नवी यायला दोन दिवस लागतील, फोन राहू द्या, म्हणाला होता. पण एवढ्या माणसांत मोकळ्या हाताने कसं जायचं? तिने बॅटरीविनाच फोन मागून नेला होता.

"तुम्ही... इथे?"

"तुमच्या भाऊजींचा वर्गमित्र." त्याने आवाज खाली आणला. "बॅटरीशिवाय चालणारा फोन पहिल्यांदाच पाहतोय. दुकान बंदच करावं लागणार मला."

तिचे कान तापले. "हसा, हसा. पण कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला हसू? मघापासून चारदा हवामान बघितलंय मी. छपराखाली उभा राहून!"

ती फिस्सकन हसली. तेवढ्यात मावशी आलीच. "अगं, काय सोनं सापडलंय त्या फोनमध्ये? माणसांत ये जरा!"

"माणसांतच आहे की, मावशी."

मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे — आणि हसू दाबत काढता पाय घेतला.

"एक सांगू?" तो बोटांतली किल्ली फिरवत म्हणाला. "बॅटरी कालच होती. खणात."

"मग दोन दिवस कशाला सांगितले?"

"तुम्ही परत याल म्हणून... काल मनातलं बोलायला तोंडच उघडेना माझं. रागावलात?"

"हो." मग जी गोष्ट लपवायला ती इथे उभी होती, तीच तोंडून निघाली. "माझ्याबद्दल ऐकलं असेलच तुम्ही."

"ऐकलंय — लोकांकडून. तुमच्याकडून ऐकायचं राहिलंय."

त्याने किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या खिशातला फोन वाजत होता. तो त्याने न बघताच बंद केला.

तिने तो काळा, मुका फोन त्याच्या हातात ठेवला.

"उद्या संध्याकाळी येते. आणि हे बघा... बॅटरी जरा सावकाश बसवा."